अक्काबाईचा पाट

चांगल्या चालत्या घराला उतरती कळा लागली, सावकाराचा तगादा सुरू झाला आणि फडताळातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीच्या दुकानाची वाट धरू लागली, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसे आवाज थोडा खाली आणून "त्या घरात अक्काबाईचा फेरा आला" असे म्हणत असत. लहानपणी हा शब्दप्रयोग कानावर पडला की मला कोडे पडे. अक्का म्हणजे थोरली बहीण, घराचे निम्मे ओझे मुकाट्याने वाहणारी. मग तिच्या नावाचा असा धसका का? ही कोणाची अक्का, हे पुष्कळ उशिरा कळले. ती लक्ष्मीची अक्का. संस्कृत ग्रंथ तिला ज्येष्ठा म्हणतात, अलक्ष्मी म्हणतात. मराठी माणसाने ते नाव उच्चारायचे टाळले आणि सापाला जनावर म्हणावे, अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला देवी म्हणावे, त्याच रीतीने नात्याच्या मानाच्या नावामागे ते दडवून ठेवले. तमिळ मुलखात 'मूदेवी' ही बायकांच्या भांडणातली शिवी आहे आणि तिचाही मूळ अर्थ थोरली देवी असाच आहे. ज्या शब्दाला मान द्यावयाचा, त्याचीच दोन्हीकडे शिवी झाली.

आता याच घरात भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात काय घडते ते पाहावे. अंगणापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले उमटतात. सुवासिनी मुखवटे, नाहीतर नदीकाठचे खडे, नाहीतर कोकणात तेरड्याची मुळासकट उपटलेली रोपे ताम्हनात घेऊन उंबऱ्यावर येतात. कोणत्या पावलांनी आलीस असे विचारले जाते आणि सोन्यारुप्याच्या पावलांचे उत्तर मिळते. मग कोठीघर, चूल, तिजोरी, गोठा असे सारे घर दाखवून तिला पाटावर बसवतात. तिचे नाव ज्येष्ठा गौरी. शेजारी धाकटी बसते, ती कनिष्ठा. आणि दोघींत हळदकुंकवाचे पहिले बोट थोरलीला लागते. वर्षभर जिचा फेरा चुकावा म्हणून माणूस जपतो, तिच्याच नावाच्या देवीला तीन दिवस पंचपक्वान्नांचे जेवण! हा निव्वळ नामसादृश्याचा योगायोग आहे, की या सणाच्या पोटात आपण न उलगडलेली एखादी घडी आहे, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

शास्त्रकारांना विचारावे तर ते या प्रश्नाचा निकाल फार थोडक्यात लावतात. १६१२ साली कमलाकरभट्टांनी सिद्ध केलेला निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली पूर्ण केलेला धर्मसिंधू, हे आपल्या सणावारांच्या मामल्यातले शेवटचे हुकूमनामे समजले जातात. त्यांचे सांगणे असे की अनुराधा नक्षत्रावर देवीचे आवाहन करावे, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन करावे आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन करावे. पूजन ज्येष्ठेवर, म्हणून देवी ज्येष्ठा. यात थोरलेधाकटेपणाचा संबंध नाही. आपले बहुतेक सण तिथीच्या तंत्राने चालत असता हा एक नक्षत्राच्या तंत्राने चालतो, म्हणून गौरी कोणत्या वर्षी कोणत्या तिथीला येतील हे पंचांग उघडल्याखेरीज सांगता येत नाही. त्या रात्री पाऊस उघडलेला असला आणि नैर्ऋत्येकडे नजर टाकली, तर ज्येष्ठेच्या तांबूस ताऱ्यापाशी अर्धामुर्धा चंद्र उभा असलेला दिसतो. घरात आरती चाललेली असते, म्हणून तो पाहावयास सहसा कोणी बाहेर येत नाही.

परंतु या उत्तराने माझे समाधान होत नाही, आणि त्याचे कारण त्या कनिष्ठेत आहे. ज्येष्ठा हे केवळ नक्षत्राचे नाव असते, तर कनिष्ठा आली कोठून? सत्तावीस नक्षत्रांत कनिष्ठा नावाचे नक्षत्र नाही. ज्या दिवशी ज्येष्ठेच्या शेजारी कनिष्ठा मांडली गेली, त्या दिवशी घरातल्या बायकांनी नक्षत्राचा शब्द नात्याचा म्हणून वाचला होता, आणि पंडितांच्या व्युत्पत्तीपेक्षा मला हे वाचन अधिक मोलाचे वाटते. शिवाय नक्षत्रेही काही निर्विकार खुणा नव्हेत. अनुराधेचा देव मित्र, ज्येष्ठेचा इंद्र आणि मूळ नक्षत्राची देवता निर्ऋती, म्हणजे वेदकाळापासून ऱ्हास, दैन्य आणि विनाश यांची स्वामिनी समजली गेलेली आणि पुढे अलक्ष्मीशी एकरूप झालेली देवी. मित्राच्या घरातून आलेली गौर इंद्राच्या घरी जेवते आणि निर्ऋतीच्या घरी जाते. खुद्द ज्येष्ठा नक्षत्राला अथर्ववेदाने ज्येष्ठघ्नी, म्हणजे थोरल्याचा घात करणारी, असे भयंकर नाव दिलेले आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने आपल्या व्रतखंडात भाद्रपदातील ज्येष्ठाव्रत नोंदले, तेही अलक्ष्मीच्या परिहारासाठी म्हणून. तेव्हा गौरीच्या सणावर थोरल्या बहिणीची छाया पडलेली आहे असे म्हणणे हा माझा एकट्याचा कल्पनाविलास नव्हे.

दक्षिणेत तर ती छाया नसून मूर्तीच होती. पल्लव राजा राजसिंह याने आठव्या शतकाच्या आरंभी कांचीपुरम येथे उभारलेल्या कैलासनाथ मंदिरात ज्येष्ठादेवी कोरलेली आहे, आणि तमिळ देशातील कित्येक जुन्या देवळांत तिच्या मूर्ती सापडतात: स्थूल देह, ओघळलेले पोट, पाय खाली सोडून ऐसपैस बसलेली, निशाणावर कावळा, जवळ केरसुणी, एका बाजूला बैलाच्या तोंडाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला मुलगी. बौधायन गृह्यसूत्राच्या शेषभागात तिच्या पूजेचा कल्प दिलेला आहे. लोक तिच्याकडे काय मागत असतील? वैष्णव संत तोंडरडिप्पोडी आळवार आपल्या 'तिरुमालै'त, विष्णूसारखा धनी असताना ज्येष्ठेकडे संपत्ती मागणाऱ्या भोळ्यांची कीव करतात. त्यावरून असे दिसते की दारिद्र्याच्या देवीकडे लोक चक्क ऐश्वर्य मागत होते. संताला हे हास्यास्पद वाटले. मला वाटत नाही. ज्याच्या हाती दार लावणे आहे, त्याच्याच हाती ते उघडणेही असते, एवढा व्यवहार त्या भोळ्यांना कळत होता. (विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढे, म्हणजे या गौरींपुढेच, एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन बाळे मांडतात, कांचीच्या मूर्तीजवळची दोन मुले आठवून हात लगेच लेखणीकडे जातो, पण एवढ्या आधारावर दोहोंचा संबंध जोडणे म्हणजे आडनावाच्या साम्यावरून वतनावर हक्क सांगण्यासारखे होईल. तो मोह मी येथेच सोडतो.)

पद्मपुराणातली कथा प्रसिद्ध आहे. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी ही वर आली, म्हणून ती थोरली. लक्ष्मीने विष्णूला सांगितले की थोरलीचे लग्न झाल्याखेरीज धाकटीचे होणे रीतीला धरून नाही. म्हणून उद्दालक ऋषीला ती दिली. ऋषीच्या आश्रमात वेदघोष, होमाचा धूर, अतिथींची वर्दळ. हिला ते सोसेना. वस्तीला दुसरी जागा पाहून येतो असे सांगून त्याने तिला एका अश्वत्थाखाली बसवले, आणि तो परत आलाच नाही. तिचे रडणे वैकुंठात ऐकू गेले ते लक्ष्मीला. ती विष्णूला घेऊन आली, पिंपळ हे थोरलीचे घर ठरले आणि दर शनिवारी धाकटीने तिला भेटावयास यावे असे मुक्रर झाले. पुराणकारांचा हेतू शनिवारच्या अश्वत्थपूजेची उपपत्ती सांगण्याचा असेल, पण त्यांच्या हातून नकळत टाकलेल्या बायकोची गोष्ट लिहिली गेली, आणि तीत तिची विचारपूस करणारी एकटी तिची सवाष्ण बहीण आहे.

येथवर इतिहास आणि पुराण झाले. खरा प्रश्न तत्त्वाचा आहे. अलक्ष्मी ही वस्तू आहे, की केवळ लक्ष्मीचे नसणे? वैशेषिकांनी जगाचा हिशेब मांडताना आधी सहा पदार्थ धरले, आणि पुढच्या पंडितांनी अभाव हा सातवा पदार्थ म्हणून रुजू करून घेतला. मात्र अट अशी की अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याने घट पाहिला नाही त्याला घटाभाव कळत नाही. या न्यायाने दारिद्र्य कळण्यासाठी आधी संपत्ती कळली पाहिजे, लक्ष्मी थोरली आणि अलक्ष्मी धाकटी ठरली पाहिजे. पुराण मात्र नेमके उलट सांगते, आणि माझ्या मते येथे पुराण बरोबर आहे. जन्मलेले मूल पहिल्याने दूध ओळखत नाही, भूक ओळखते. पोटातला तो कालवा अन्नाचा अभाव म्हणून त्याला जाणवत नाही, एक जिवंत, ओढणारी, टाहो फोडावयास लावणारी वस्तू म्हणून जाणवतो. उपाशी माणसाला भूक हा अभाव आहे असे सांगून पाहावे! आधी उणीव येते, तिच्या पाठोपाठ भरणी येते, आणि भरणीची गोडी उणिवेने ठरवलेल्या मापानेच मोजली जाते. थोरली ती थोरलीच.

या थोरलीपुढे आपली परंपरा दोन निरनिराळ्या तोंडांनी बोलते. ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतले श्रीसूक्त घ्यावे: त्यात भक्त तहानभुकेने मळलेल्या त्या ज्येष्ठ अलक्ष्मीचा नाश करण्याची भाषा करतो आणि आपल्या घरातून तिचे उच्चाटन मागतो. हे मागणे माणसासारखे आहे. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार ज्याचे पोट भरलेले आहे अशाने तरी घेऊ नये. पण मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याचा, म्हणजे सप्तशतीचा, सूर वेगळा आहे. तेथे इंद्रादी देव महिषासुराच्या वधानंतर देवीला म्हणतात की पुण्यवंतांच्या घरची श्री तूच आणि पाप्यांच्या घरची अलक्ष्मीही तूच. आणि पुढे पाचव्या अध्यायातल्या त्या सुप्रसिद्ध नमनमालिकेत बुद्धी, लज्जा, शांती, दया यांच्या बरोबरीने क्षुधा आणि भ्रांती या रूपांनीही सर्व भूतांच्या ठायी असलेल्या देवीला त्रिवार नमस्कार घातला जातो. त्याच स्तवनात तिला लक्ष्मीच्या जोडीने निर्ऋतीच्या नावानेही हाक मारलेली आहे. श्रीसूक्त ज्या भुकेला मळ म्हणून हाकलते, तिला सप्तशती हात जोडते. शक्ती एक मानल्यावर तिचे सोयीचे निम्मे अंग देव्हाऱ्यात आणि गैरसोयीचे वेशीबाहेर, असा वाटणीपत्राचा व्यवहार करता येत नाही, हे त्या ग्रंथकर्त्याने शेवटपर्यंत जाऊन मान्य केले.

ग्रंथातले हे अद्वैत कुणब्याच्या घरी पोचले, ते संस्कृतातून पोचले नसावे, महिन्यातून पोचले असावे. भाद्रपद हा मोठा चमत्कारिक महिना आहे. शिवार हिरवेगार, बाजरी कणसात येऊ लागलेली, पडवळ-दोडक्यांचे मांडव लदलेले, आणि घरातली कणग मात्र तळाला लागलेली. गेल्या सालचे धान्य सरले, यंदाचे अजून हाती यावयाचे आहे. अशा दिवसांत देवी येते, आणि कित्येक घरी तिचे धड म्हणजे धान्याने भरावयाची कोथळीच असते. रानातल्या भरणीची आणि घरातल्या उणिवेची जेथे गाठ पडते, तेथेच दोघी बहिणींचे पाट मांडले जातात. मग हळदीच्या सुताला सोळा गाठी देऊन ते हातागळ्यात बांधतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते सुगी दारात येईपर्यंत, आश्विनाच्या वद्य पक्षापर्यंत, उतरत नाहीत.

व्रताची कहाणी याच्याही पुढे जाते. गावभर गौरी आल्या, पोरे आईच्या पदराला लोंबकळू लागली की आपल्याही घरी गौर आण. बाप दरिद्री ब्राह्मण, जीव द्यावा म्हणून तळ्यावर गेला, तेथे त्याला एक म्हातारी भेटली आणि तिला तो घरी घेऊन आला. घरात नव्हते त्यांत एक खाणारे तोंड वाढले. घरधनीण पेजेसाठी कण्या पाहावयास गेली, तो मडके कण्यांनी भरलेले! दुसऱ्या दिवशी म्हातारीने न्हाणे मागितले, घावन-घाटले मागितले. नंतर खीर मागितली आणि गाई नसलेल्या घरी गाईंना नावाने हाका मारावयास लावल्या, तशा त्या धावत आल्या. आणि जाताना तिने दिले काय? सोने नव्हे, वाळू. घरादारावर, हांड्यामडक्यांवर टाकावयाची वाळू. ही कहाणी मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि दर वेळी मला वाटत आले आहे की त्या तळ्याच्या पाळीवर बसलेल्या, थकलेल्या, मागतकरी बाईला पाहून कोणीही शहाणा गृहस्थ अक्काबाई म्हणून वळसा घालून गेला असता. त्या ब्राह्मणाला गमावण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्याने तिला घरी आणले, आणि तिच्याच नावाची पूजा सुरू झाली.

घरातल्या दोन वस्तू हाच निवाडा वर्षभर मूकपणे देत असतात. केरसुणी हे ज्येष्ठेचे आयुध. पण आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी म्हणतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात आणि आश्विनी अमावास्येला नवी केरसुणी हळदकुंकू वाहून पूजेत मांडतात. सूपही तसेच. कोकणातली नवी सून सुपात पाने, फळे, धान्य मांडून गौरीपुढे ओवसते, आणि धर्मग्रंथ सांगतात की दिवाळीच्या अमावास्येला मध्यरात्री बायकांनी सुपे वाजवून अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवावे. जे सूप बोलावते तेच घालवते.

आमच्या घरीही एक अक्का होती. वडिलांची थोरली बहीण; लहानपणीच विधवा होऊन माणगंगेच्या काठच्या त्या कोरड्या गावी माहेरी परत आली आणि सत्तर वर्षांची होऊन वारली, तोवर कोणाच्या पंगतीला बसलेली मी तिला पाहिली नाही. महालक्ष्म्यांचे पुरण तिच्या हातचे, सोळा भाज्या तिने निवडलेल्या, कोथळ्या तिने बांधलेल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका जमल्या की ती माजघराच्या उंबऱ्याआड भिंतीला टेकून बसे. ज्येष्ठेला पाट देणाऱ्या घरात ज्येष्ठेला पाट नव्हता, आणि ही विसंगती आम्हांपैकी कोणालाही टोचत नव्हती. वहिवाट म्हणजे काय, हे त्या उंबऱ्यापाशी मला जसे कळले तसे कोणत्याही ग्रंथात कळले नाही.

१९७२ सालच्या भाद्रपदात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. कोथळ्या भरण्यापुरतेही घरचे धान्य नव्हते; होती ती सरकारी दुकानातून आणलेली तांबडी, परदेशी मिलो. तशी ज्वारी महालक्ष्मीच्या पोटात घालावी की नाही, या विचारात आई सूप हाती धरून उभी राहिली. अक्का सोवळ्यात होती; आतूनच म्हणाली, "जे आपल्या पोटात, तेच तिच्या. घाल." मग मुखवटे घर पाहावयास निघाले. आईने कोठीघरापुढून पाय जरा झपाझप उचलले, तेव्हा पुन्हा आतून आवाज आला, "थांब ग, दार उघड. घर बघायला आलीय, बघू दे सगळं." आईने दार उघडले. रिकाम्या कणगीवर समईचा उजेड पडला आणि मुखवटे तेथे घटकाभर, नेहमीपेक्षा जास्तच, थांबले. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली एक शेजारीण बोलण्याच्या भरात म्हणून गेली की यंदा सगळ्या गावावरच अक्काबाईचा फेरा आलाय, आणि म्हटल्यावर तिची जीभ चावली गेली. उंबऱ्यापलीकडे अक्का हसली. "फेरा कसला, बाई," ती म्हणाली, "मी तर इथंच राहते."

तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवले आणि गणपती घेऊन आम्ही नदीवर गेलो. नदीत पाणी नव्हते. चुलत्यांनी पात्रात हातभर खोल झरा उकरला, त्यात ओंजळभर पाणी गोळा होईपर्यंत आम्ही सगळे भोवती बसून राहिलो, आणि मग गणपती बुडवण्याऐवजी भिजवला. परतताना दर वर्षी मूठभर वाळू आणावयाची असे; त्या वर्षी तिला काय तोटा होता, माझ्या हट्टावरून पुरती बादली भरून आणली. अक्काने ती मागच्या दाराशी घेतली. इतक्या वाळूचे काय करू असे पुटपुटत तिने कोठीघरात टाकली, कणगीत टाकली, चुलीमागे, गोठ्यात, जात्याभोवती टाकली, आणि शेवटची चिमूट दाराआड उभ्या असलेल्या झिजक्या केरसुणीवर टाकून बादली माझ्या हातात दिली.